पंच्याण्णवचं सांगून बासष्टचं गळ्यात मारलं

आठ वर्षं ट्रॅकवर गाडी पळवतोय. स्वतःच्या हातांनी तीन वेळा गिअरबॉक्स उतरवलाय. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून 'एवढं कळत नव्हतं तर या भानगडीत पडलासच कशाला' म्हणणारे निघतीलच. घरातच दोघं निघालेत.

रेसचं इंजिन माउंटिंग किट घेताना फसलो. गेले एकूण ६६,९४० रुपये.

माझी गाडी पुढच्या चाकांवर चालणारी, इंजिन आडवं. इंजिनला गाडीच्या सांगाड्यावर धरून ठेवणारी मूळची रबरी माउंटिंग, म्हणजे गॅरेजवाल्यांच्या भाषेत फाउंडेशन, फाटत आली होती. पहिल्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन मागे कलंडायचं, चाकं थयथय नाचायची आणि दुसऱ्यातून तिसरा हमखास चुकायचा. आडव्या इंजिनात गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियल, म्हणजे दोन चाकांत ताकद वाटणारा भाग, एकाच पेटीत असतात, त्यामुळे चाकांना मिळणाऱ्या सगळ्या टॉर्कचा, म्हणजे फिरवणाऱ्या जोराचा, उलटा झटका माउंटिंगनाच खावा लागतो. माझ्या इंजिनाचा टॉर्क १५० न्यूटन-मीटर, पहिल्या गिअरचं गुणोत्तर ३.५, डिफरेन्शियलचं (फायनल ड्राइव्ह) ४.२. गुणाकार करा, २,२०५ येतात. उभं इंजिन आणि मागची चाकं असलेल्या गाडीत त्या ४.२ चा भार डिफरेन्शियलची माउंटिंग घेतात. तेव्हा 'कुठल्याही गाडीला चालतो' असं म्हणत रेस किट विकणारा भेटला, की तिथूनच मागे फिरायचं. मी फिरलो नाही.

का फिरलो नाही? कारण माणूस माहीतगार वाटला. 'दादा, रोजच्या वापराची गाडी असती तर ७० चं दिलं असतं, पण तुम्ही ट्रॅकवाले. ९५ शोर ए शिवाय बातच नको.' रेसच्या माउंटिंगच्या बुशमध्ये रबराऐवजी पॉलियुरेथेन असतं, त्याचा कडकपणा शोर ए मध्येच मोजतात, आणि ट्रॅकच्या गाडीला ९५ हा आकडाही काही चुकीचा नाही. खऱ्या माहितीत घोळवून दिलेलं खोटं कुणालाही गिळता येतं, मलाही आलं. बुश धरणारं ब्रॅकेट म्हणे ६०६१-टी६ अ‍ॅल्युमिनियमच्या सळईतून कोरलेलं, बिलेट, वर लाल अ‍ॅनोडायझिंग. शेवटचाच सेट. बिल मागून पाठवतो. (बिल मागूनच राहिलं.) क्यूआर कोड दुकानाच्या नावाचा नव्हता, कुणा बाईंच्या नावाचा होता. 'मिसेसचं खातं आहे.' दिले! २०,००० आगाऊ, १८,५०० माल निघताना, ६४० कुरिअरचे. वर गिअरबॉक्सकडचा बुश 'स्पेशल ग्रेडचा' म्हणून आणखी ४,२००. झाले ४३,३४०.

खोकं आलं. दोन माउंटिंग आणि इंजिनला कलंडू न देणारा मागचा दांडा, टॉर्क रॉड. प्रत्येक बुशवर झकास स्टिकर, '९५ ए'. ब्रॅकेटवर हाताचे तेलकट ठसे उठले म्हणून कापसाच्या बोळ्यावर थिनर घेऊन पुसलं. बोळा लाल झाला.

इथे थांबा, कारण मी थांबलो नाही. अ‍ॅनोडायझिंग हा धातूच्याच ऑक्साइडचा थर असतो, रंग त्याच्या छिद्रांत बंद केलेला असतो, थिनरने तो निघत नाही. निघतो तो स्प्रे पेंट. आणि पेंट कशाला मारतात? कास्टिंगच्या, म्हणजे साच्यात ओतलेल्या, अ‍ॅल्युमिनियममध्ये सिलिकॉन जास्त असतं, त्यावर अ‍ॅनोडायझिंग काळपट, डागाळलेलं येतं म्हणून. हे मला माहीत होतं! बोटाला कडेची उभी रेघही लागली होती, साच्याच्या दोन भागांच्या सांध्याची. बिलेटवर कटरचे बारीक आडवे चरे दिसतात, सांधा असायचं कारणच नाही. मी स्वतःची समजूत घातली की वरून लॅकर मारलं असेल. रविवारी ट्रॅक बुक होता ना. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. मी बाकावर मांडलेल्या सेटचा फोटो काढून त्यालाच पाठवला, 'फिनिश एक नंबर'.

आणि ड्युरोमीटर? कडकपणा मोजायचं यंत्र, शोर ए चंच, माझ्या टूलबॉक्सच्या वरच्या कप्प्यात पडलेलं. दर सेशननंतर चारही टायरना लावतो. हात लांब केला असता तरी पुरे होतं.

तिसऱ्या लॅपला गिअरबॉक्सकडच्या ब्रॅकेटचा कान, म्हणजे बोल्ट बसतो तो भाग, तुटला. इंजिन कलंडलं, डाव्या चाकाला ताकद नेणारा ड्राइव्ह शाफ्ट पेटीतून बाहेर आला, एक्झॉस्टचा फ्लेक्स पाइप फाटला आणि गिअर ऑइल ट्रॅकवर. लाल झेंडा. मार्शल पावडर टाकतायत, बाकीचे पिटमध्ये हेल्मेट काढून बसलेत, आणि सगळे माझ्याकडे बघतायत. शाफ्ट ११,८००, फ्लेक्स पाइप ३,४००, ऑइल १,९००, वाया गेलेली ट्रॅकची फी ६,५००. तुटलेल्या कानाचा काप पाहिला तर आत ब्लोहोलच ब्लोहोल, म्हणजे ओतताना अडकलेल्या हवेची भोकं, जाळीदार पावासारखा. मग लावला ड्युरोमीटर. ६२. दुसऱ्या बुशवर ६१. माझे टायर साधारण एवढेच भरतात.

त्याला फोन केला तर 'बोल्ट जास्त आवळलेत तुम्ही. रेसिंगच्या पार्टला वॉरंटी नसते.' दुसऱ्या दिवशी ब्लॉक.

आता आपल्या यंत्रणेचं ऐका. फसवणुकीच्या तक्रारींच्या हेल्पलाइनवर पहिला प्रश्न, 'माल मिळाला का?' मिळाला. 'मग ही फसवणूक नाही, तुमचा व्यवहार आहे.' बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. चौकीत दोन तास बसवलं. हवालदारांनी लिहायला घेतलं, 'फाउंडेशनसाठी पैसे दिले', आणि विचारलं, 'कुठला ट्रस्ट?' मी तुकडा टेबलावर ठेवला. साहेबांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि मलाच विचारलं की गाडी रेसिंगची आहे म्हणजे रस्त्यावर पळवता का, कागद दाखवा. तक्रारदार मी, कागद माझे! न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ म्हणालो तर 'तुम्ही वकील का?' शेवटी 'दिवाणी मॅटर आहे' म्हणून साध्या अर्जावर शिक्का मारून दिला. तीन चकरा मारल्या. प्रत्येक वेळी नवा माणूस, प्रत्येकाला माउंटिंग म्हणजे काय ते पहिल्यापासून.

ग्राहक आयोगाचा रस्ता आहे, दोन वर्षांची मुदत आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. पण तिथे बिल विचारतात. म्हणून बिल हातात पडल्याशिवाय एक रुपया सोडू नका, आणि खोकं उघडताना व्हिडिओ काढा.

आणखी एक, माझ्या तुटलेल्या सेटशी संबंध नाही तरी लिहितो. रबरी इंजिन माउंटिंग ठेवून नुसता गिअरबॉक्सच सॉलिड, म्हणजे मध्ये बुश न घालता, बांधू नका. इंजिन हलायला बघतं, पेटी हलू देत नाही, आणि फुटतो तो पेटीचा कान. मला या गृहस्थाने तोही सल्ला दिला होता, 'बजेट कमी असेल तर.'

त्याची जाहिरात अजून चालू आहे. नवीन फोटो टाकलाय, खाली 'समाधानी ग्राहक'. बाक माझं आहे. कोपऱ्यात लाल बोळाही दिसतो.