रेषा आणि रंग शिकताना ५० एमएमची लेन्स

कॅननची ईएफ ५० एमएम एफ १.८ एसटीएम ही लेन्स २०१५ साली बाजारात आली. तिच्याविषयी बहुतेक जण एकच गोष्ट सांगतात: कमी पैशांत मागचं सगळं छान ब्लर होतं. ते खरंच आहे. पण मी कोल्हापुरात उपयोजित कला शिकते, आणि माझ्यासारख्या विद्यार्थ्यांना ही लेन्स त्याहून मोठं काहीतरी देते.

चित्रकलेत रेषा आधी हाताखालून जाते, रंग नंतर येतो. कॅमेऱ्यात दोन्ही एकाच क्षणी समोर उभे राहतात आणि नवशिक्याला कुठे बघावं तेच उमगत नाही. ही लेन्स त्या दोघांना सुटं करून दाखवते. ॲपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं लेन्सचं छिद्र, एफ ८ ला (लहान) ठेवा, कडा धारदार होतात आणि चित्र रेषांवर उभं राहतं. एफ १.८ ला (पूर्ण उघडं) आणा, मागच्या रेषा विरघळतात आणि फक्त रंगाचे तुकडे उरतात. कॅमेऱ्याची एकच चकती फिरवायची आणि एका विषयातून दुसऱ्या विषयात जायचं. इतकी स्वस्त शिकवणी मी दुसरी पाहिलेली नाही.

माझ्याकडे कॅननचा १५०० डी कॅमेरा आहे. त्याचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा भाग, फुल फ्रेम कॅमेऱ्यापेक्षा लहान, म्हणून १.६ ने गुणायचं: पन्नासची लेन्स ऐंशीसारखं बघते. झूम नाही. महाद्वार रोडच्या गर्दीत हे सुरुवातीला जाचतं, मागे सरकायला जागा नसते. रेषा शिकताना मात्र ह्याच अडचणीचा फायदा होतो. एका जागी उभं राहून झूम केलं तर चौकट फक्त लहान-मोठी होते. आतल्या रेषांचं एकमेकींशी असलेलं नातं तेच राहतं. ते बदलायचं असेल तर पाय हलवावे लागतात. दोन पावलं डावीकडे गेलं की दीपमाळेची उभी रेषा मागच्या झाडापासून सुटते, गुडघ्यावर बसलं की पायऱ्यांच्या आडव्या रेषा जवळ जवळ येतात. झूम असता तर मी अर्ध्या वेळा खाली बसलेच नसते.

रेषेसाठी पंचगंगा घाटासारखी शाळा नाही. काळ्या दगडाच्या लांबच लांब पायऱ्या, नदीच्या पात्रालगतची लहान देवळं, दीपमाळा. सकाळी ऊन तिरपं असताना प्रत्येक पायरीची कड उजळते आणि खालची बाजू काळी राहते, म्हणजे निसर्गच रेघा मारून देतो. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या १८-५५ एमएमच्या झूम लेन्सनं १८ ला हाच फोटो काढला तर चौकटीच्या काठाजवळच्या पायऱ्या किंचित वाकतात. पन्नासला सरळ रेषा जवळजवळ सरळच राहते. रेषेचा अभ्यास करणाऱ्याला हा विश्वास फार मोलाचा असतो.

इथे आमच्या सरांनी दिलेला एक सराव सांगते, कारण ह्या लेन्सची खरी किंमत मला त्यातच कळली. कॅमेऱ्यातली पिक्चर स्टाइल मोनोक्रोम (काळीपांढरी) ठेवायची आणि फाइल रॉमध्ये, म्हणजे सेन्सरची कच्ची माहिती जशीच्या तशी, घ्यायची. मागच्या पडद्यावर फोटो काळापांढरा दिसतो, पण रॉ फाइलमध्ये रंग शाबूत असतात. घाटावर एफ ८ ला, मोनोक्रोममध्ये, फक्त रेषा शोधायच्या. घरी येऊन तेच फोटो रंगीत करून बघायचे. काही फोटो रंग आल्यावर मोडतात: कोपऱ्यातली निळी प्लॅस्टिकची बादली सगळं लक्ष ओढून घेते आणि पायऱ्यांची सुंदर लय मागे पडते. काही उलट उभे राहतात: सात-आठ करड्या आडव्या रेषांवर वाळत टाकलेली एक पिवळी साडी, आणि काळ्यापांढऱ्यात निर्जीव वाटलेला फोटो एकदम जागा होतो. रेषा कुठे संपते आणि रंगाचं काम कुठे सुरू होतं, हे मला कुठल्याही व्याख्यानापेक्षा ह्या तुलनेनं जास्त शिकवलं.

एक तांत्रिक गोष्ट लक्षात ठेवा. १५०० डी च्या व्ह्यूफाइंडरमध्ये चौकटीचा ९५ टक्केच भाग दिसतो. डोळ्याला न दिसलेली एखादी वायर किंवा खांब काठावरून आत येतो. काठावरची रेषा महत्त्वाची असेल तेव्हा लाइव्ह व्ह्यू लावा, म्हणजे मागच्या पडद्यावर बघून फोटो काढा; त्यात पूर्ण चौकट दिसते.

आता रंग. त्यासाठी अंबाबाईच्या देवळाबाहेरची दुकानं. कुंकवाचे उंच ढीग, हळद, हिरव्या बांगड्यांच्या राशी, ओटीचे खण. ही लेन्स ३५ सेंटीमीटरपर्यंत जवळ जाते. इतक्या जवळून एफ १.८ ला कुंकवाच्या ढिगाच्या टोकावर फोकस केला की मागच्या बांगड्या बांगड्या राहत नाहीत, हिरव्या रंगाचा एक मऊ पट्टा होतात. मग प्रश्न फक्त रंगाचा उरतो: हिरवा किती, लाल किती? लाल आणि हिरवा अर्धा-अर्धा घेतला तर दोघं भांडतात. हिरव्याचा मोठा विस्तार आणि त्यात लालाचा एक थेंब घेतला, की लाल दुप्पट तेजानं दिसतो. हे रंगचक्र आम्ही पोस्टर कलरनं कागदावर कितीदा तरी रंगवलं होतं; दुकानासमोर उभं राहून, अर्धं पाऊल पुढे-मागे होत ते प्रमाण बदलताना बघणं हा वेगळाच आनंद आहे. दुकानदाराला आधी विचारा, आणि गिऱ्हाईक आलं की बाजूला व्हा.

संध्याकाळी दुकानांत पिवळे दिवे लागतात. उजेडाच्या रंगानुसार फोटोचे रंग आपोआप जुळवणारा ऑटो व्हाइट बॅलन्स त्या उजेडातली ऊब बरीचशी धुऊन काढतो. मी तो डेलाइटवर, म्हणजे सुमारे ५२०० केल्विनला, बांधून ठेवते. मग पितळेची भांडी सोन्यासारखी येतात आणि मागचं आभाळ निळं राहतं. उबदार आणि थंड रंगांचा धडा ह्याहून सोपा मिळणार नाही.

रेषा आणि रंग दोन्ही एकत्र बघायचे असतील तर चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर जावं. उंच सासनकाठ्या, त्यांचा तोल सांभाळणाऱ्या, चारी बाजूंना ताणलेल्या दोऱ्या, आणि सगळ्यांवर उधळलेला गुलाल-खोबरं. दगडापासून माणसांच्या भुवयांपर्यंत सगळं गुलाबी. तिथे मी एफ ५.६ च्या आसपास राहते. काठी आणि दोरी स्पष्ट हवी, पण मागचा जमाव गुलाबी धुक्यात जायला हवा. गुलाल टिपताना हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतला उजेड अंधारापासून (डावीकडे) झगझगीतपर्यंत (उजवीकडे) दाखवणारा आलेख, आरजीबीचा (लाल, हिरवा, निळा वेगवेगळा) लावा. नुसत्या उजेडाचा आलेख ठीक दिसतो आणि तरी लाल रंगाचा आलेख उजवीकडे भिंतीला टेकलेला असतो. तसं झालं की गुलालाचा पोत जातो आणि सपाट गुलाबी डाग उरतो. एक्स्पोजर थोडं कमी ठेवलं की कण न् कण दिसतो.

लेन्सची काळजीही तिथेच घ्यावी लागते. फोकस करताना तिची पुढची नळी आत-बाहेर होते आणि धूळ-पाण्यापासून बचाव करणारं सील तिला नाही. ४९ एमएमचा साधा फिल्टर लावा, वरून प्लॅस्टिकची पिशवी रबरानं बांधा. हूड (लेन्सपुढची सावलीची कड) वेगळा घ्यावा लागतो. हाताचा कंप सावरणारा इमेज स्टॅबिलायझर नाही, त्यामुळे हातात धरून शटरचा वेग १/१२५ सेकंदाच्या खाली मी नेत नाही. आणि एवढ्या मोठ्या ॲपर्चरच्या स्वस्त लेन्समध्ये पूर्ण उघडं असताना उन्हातल्या पांढऱ्या धोतराच्या कडेला जांभळी-हिरवी झाक येते. रंगाचा अभ्यास करणाऱ्याच्या ती डोळ्यांत भरतेच. एफ ४ ला ती बरीच निवळते.

फ्रेंच छायाचित्रकार हेन्री कार्टिए-ब्रेसाँ चित्रकला शिकलेले होते आणि त्यांनी छायाचित्रणाचं काम मुख्यतः ५० एमएमवर, काळ्यापांढऱ्यात केलं. छायाचित्रकार रघुबीर सिंग (१९४२–१९९९) यांनी भारत रंगातच टिपला. दोघांचे फोटो शेजारी शेजारी ठेवून बघा. आमच्या गावचे चित्रकार आबालाल रहिमान यांनी रंगवलेला रंकाळा तलावाचा परिसरही त्यांच्याबरोबर बघावा, कारण पाण्यावरचा उजेड हा त्यांच्या चित्रांत रंगच असतो, बाह्यरेषा फार थोडी लागते.

ही लेन्स कोणी घेऊ नये? ज्यांना वाड्यांचे चौक, वर्गखोल्या, घरातले समारंभ टिपायचे आहेत त्यांनी. लहान सेन्सरवर ती तिथे फार अरुंद पडते. कॅननचा आरएफ माउंटचा (लेन्स बसवायच्या नव्या जोडणीचा) मिररलेस कॅमेरा असेल तर २०२० पासून मिळणारी आरएफ ५० एमएम एफ १.८ बघा. निकॉनचा डी ३००० किंवा डी ५००० मालिकेतला कॅमेरा असेल तर एएफ-एस ५० एमएम एफ १.८ जीच घ्या. जुनी ‘डी’ प्रकारची ५० एमएम लेन्स त्या कॅमेऱ्यांवर ऑटोफोकस करत नाही, कारण त्यांच्यात फोकसची मोटर नसते.

नवी लेन्स दहा हजारांच्या आसपास जाते. जुनी घेतली तरी चालेल, पण मार्क २, म्हणजे हिच्या आधीची आवृत्ती, आणि एसटीएम ओळखता यायला हव्यात. मार्क २ ही १९९० पासूनची, तिचा माउंट प्लॅस्टिकचा, ती ४५ सेंटीमीटरपर्यंतच जवळ जाते आणि तिच्या ॲपर्चरची पाती पाचच, त्यामुळे ॲपर्चर थोडं बंद केलं की मागचे दिवे पंचकोनी येतात. एसटीएमचा माउंट धातूचा आणि पाती सात, गोलसर. दुकानात मोबाइलचा टॉर्च मागून लावून काचेतून बघा. कोळिष्टकासारखे धागे दिसले तर बुरशी आहे, घेऊ नका. आपल्याकडचा पावसाळा लांबतो, तेव्हा घरी आणल्यावर सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवा आणि पुड्या गुलाबी किंवा फिकट पडल्या की बदला.