ब्रंटन पॉकेट ट्रान्झिट: खडकांचा कल मोजणारे होकायंत्र

भूशास्त्र शिकणाऱ्या आणि हिमालयासारख्या वलीपर्वतांत प्रत्यक्ष काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने पदरचे पैसे घालून एकच उपकरण घ्यायचे ठरवले, तर ते ब्रंटन होकायंत्र असावे, असे माझे स्पष्ट मत आहे. हातोडा आणि भिंग महाविद्यालयाकडून मिळते, नकाशे आणि उपग्रहचित्रे संगणकावर पाहता येतात. परंतु खडकाचा थर नेमका कोणत्या दिशेला आणि किती अंशांनी कलला आहे, हे बहुतेक वेळा थराला हात लावूनच कळते. पर्वत कसा घडला याविषयीची सगळी अनुमाने अखेर अशा हजारो नोंदींवर उभी असतात. या उपकरणाची किंमत एखाद्या चांगल्या स्मार्टफोनइतकी आहे, त्यामुळे एवढा खर्च करावा का, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर सविस्तर देणे आवश्यक आहे.

अमेरिकेत कोलोरॅडोच्या खाणींत काम करणारे अभियंते डेव्हिड ब्रंटन यांनी १८९४ साली या यंत्राचे पेटंट घेतले आणि डेन्व्हर येथील विल्यम एन्सवर्थ यांनी त्याची निर्मिती केली. होकायंत्र, उतार मोजणारे क्लिनोमीटर आणि दूरच्या खुणेवर नेम धरण्याची सोय त्यांनी तळहातावर मावणाऱ्या एका डबीत बसवली. झाकणाच्या आत आरसा, तबकडीवर एक गोल आणि एक लांबट पाणसळ, आणि लांबट पाणसळ फिरवण्यासाठी डबीच्या पाठीवर छोटी खुंटी, ही मूळ रचना आजही जवळपास तशीच आहे.

मोजायच्या गोष्टी दोन असतात. कौलारू छपराचे आढे ज्या दिशेला धावते ती स्ट्राइक, आणि छपरावरचे पावसाचे पाणी ज्या बाजूला ओघळेल तिकडचा उतार तो डिप. डेहराडूनच्या दक्षिणेला मोहंड परिसरात शिवालिक टेकड्यांचे वालुकाश्म उघडे पडलेले आहेत. हिमालयातून आलेल्या नद्यांनीच आणून टाकलेली ही वाळू आता स्वतः वलीत सापडून बहुतेक ठिकाणी ईशान्येकडे कललेली आहे. अशा थरावर डबीची कड टेकवायची, गोल पाणसळीचा बुडबुडा मध्यभागी येईपर्यंत डबी हलकेच हलवायची आणि सुई स्थिर झाली की स्ट्राइक वाचायची. मग डबी कडेवर उभी करून स्ट्राइकशी काटकोनात, उताराच्या रेषेवर ठेवायची आणि पाठीवरची खुंटी फिरवून लांबट पाणसळीचा बुडबुडा मध्यावर आणला की डिप वाचता येतो. वहीत ‘३१०, २८ ईशान्य’ एवढेच उमटते, म्हणजे स्ट्राइक ३१० अंश आणि डिप ईशान्येकडे २८ अंश. वालुकाश्माचा पृष्ठभाग खडबडीत असेल तर आधी त्यावर नोंदवही सपाट ठेवून तिच्यावर मोजावे, म्हणजे एखाद्या उंचवट्यामुळे माप बिघडत नाही.

एवढ्या काटेकोरपणाची गरज काय, असे नवख्या विद्यार्थ्याला वाटते. त्याचे उत्तर मोहंडलाच मिळते. येथे शिवालिक टेकड्या ज्या मोठ्या भ्रंशावरून, म्हणजे खडक तुटून सरकतात त्या भेगेवरून, गंगेच्या मैदानावर सरकत आहेत, त्याच्या लगत नद्यांची काही हजार वर्षांपूर्वीची पात्रे आजच्या पात्रापासून बरीच वर उचलली गेलेली दिसतात. त्यांच्या वयावरून भूपृष्ठ उचलले जाण्याचा वेग दरवर्षी सुमारे ७ मिलिमीटर असल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडले गेले. भ्रंशाचा कल ३० अंश धरला, तर या उचलण्यावरून भूकवच आडव्या दिशेत दरवर्षी सुमारे १२ मिलिमीटर आकसते असे निघते. तोच कल २५ अंश धरला, तर हा आकडा १५ मिलिमीटरवर जातो. पाच अंशांच्या फरकाने उत्तर एक चतुर्थांशाने बदलते, आणि हिमालयात पुढच्या भूकंपासाठी किती ताण साठत आहे याची गणिते याच आकड्यांवर केली जातात. भ्रंशाचे प्रतल जमिनीखाली असते, त्यामुळे त्याचा कल वरच्या थरांच्या डिपवरून ताडावा लागतो. म्हणून अर्ध्या अंशापर्यंत विश्वासाने वाचता येणाऱ्या यंत्राची मी इतक्या आग्रहाने शिफारस करतो.

स्ट्राइकचे महत्त्वही तितकेच मोठे आहे. भारतीय भूशास्त्रज्ञ दाराशा नोशेरवान वाडिया यांनी वायव्य हिमालयात थरांच्या दिशा चिकाटीने नकाशावर मांडत नेल्या, तेव्हा नंगा पर्वताच्या भोवती सगळी पर्वतरांगच एकाएकी वळण घेते हे उघड झाले आणि १९३१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. एकट्या थराकडे पाहून हे वळण कोणालाही दिसले नसते. डेहराडूनच्या हिमालयीन भूविज्ञान संस्थेला त्यांचे नाव आहे, ते सर्वथा योग्य आहे.

आता यंत्राच्या बारकाव्यांकडे वळतो. तबकडीवर पूर्व आणि पश्चिम यांची अक्षरे उलट छापलेली असतात, आणि यंत्र प्रथम हाती घेणारा प्रत्येक जण त्याला छपाईची चूक समजतो. सुई उत्तरेकडेच राहते आणि तबकडी आपल्या हातातील डबीबरोबर फिरते, त्यामुळे अक्षरे उलटवली म्हणजे सुईच्या टोकापाशी खरी दिशा थेट वाचता येते. खरेदी करताना ० ते ३६० अंशांची तबकडी मागावी. ९० अंशांच्या चार भागांची तबकडीही मिळते, पण तिच्यावर वाचताना थकलेला विद्यार्थी संध्याकाळी हमखास वायव्येऐवजी ईशान्य लिहितो. ज्या विक्रेत्याकडून मी यंत्र मागवले त्याने हीच दुसऱ्या प्रकारची तबकडी पाठवली आणि बदलून देण्यास बराच वेळ लावला. तेव्हा मागणी लेखी नोंदवणे चांगले.

भारतात वापरण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्याच लागतात. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र उत्तर अमेरिकेत सुईचे उत्तर टोक जोराने खाली ओढते, म्हणून दक्षिण बाजूला तांब्याच्या तारेचा बारीक वेढा घालून तिचा तोल साधलेला असतो. आपल्या अक्षांशावर ही ओढ कमी असल्यामुळे त्या भागासाठी तोललेल्या सुईचे दक्षिण टोक झुकते. काच उघडून वेढा किंचित सरकवला की हा दोष जातो. दुसरी गोष्ट दिक्पाताची, म्हणजे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतील कोनाची. महाराष्ट्रात तो शून्याच्या आसपास आणि हिमालयाच्या पायथ्याशी एक-दोन अंश पूर्वेकडे असतो. बाजूच्या स्क्रूने तो एकदा बसवला की प्रत्येक नोंदीत बेरीज-वजाबाकी करावी लागत नाही.

महाराष्ट्रातील वाचकांना येथे सावध करणे भाग आहे. दख्खनच्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असते आणि वीज पडलेल्या माथ्यांवर खडक इतका चुंबकित झालेला असतो की दोन पावलांवर सुई वेगळी दिशा दाखवते. गडमाथ्यावरची नोंद दूरच्या ज्ञात शिखराशी ताडून पाहिल्याशिवाय मानू नये. शिवाय देशावरचे लाव्हाचे थर बहुतेक ठिकाणी एक अंशाहूनही कमी कललेले आहेत, तेथे डिप मोजण्यासाठी हे यंत्र निरुपयोगी आहे. पनवेलच्या आसपास मात्र हेच थर पश्चिमेकडे स्पष्टपणे वाकलेले आहेत, आणि मुंबई-पुण्याच्या विद्यार्थ्याला भूकवचाच्या विरूपणाचा पहिला धडा घेण्यासाठी याहून जवळची जागा नाही. डाइकांची, म्हणजे भेगांत लाव्हा थिजून बनलेल्या भिंतींसारख्या खडकांची, दिशा मोजण्यासाठीही यंत्र उत्तम आहे. नंदुरबार-धुळे पट्ट्यातील डाइक मुख्यतः पूर्व-पश्चिम तर कोकण किनाऱ्यालगतचे बरेचसे उत्तर-दक्षिण धावतात, आणि लाव्हा वर येत असताना भूकवच कोणत्या दिशेने ताणले जात होते याचा माग त्यावरून काढता येतो.

स्मार्टफोनवरील अ‍ॅप हे काम काही सेकंदांत करते आणि नोंद जागेसह साठवते, ही सोय मी कमी लेखत नाही. फोनमधील उतारमापक चांगला असतो. दिशा देणारा चुंबकमापक मात्र नकळत भरकटतो आणि तो भरकटल्याचे पडद्यावर दिसत नाही. सुई अडकली तर डोळ्यांना दिसते. म्हणून फोनने भराभर नोंदी घ्याव्यात आणि त्यांतील काही ब्रंटनने पडताळाव्यात, अशी पद्धत मी विद्यार्थ्यांना सांगतो. ऑस्ट्रियाचे भूशास्त्रज्ञ एबरहार्ड क्लार यांच्या रचनेचे होकायंत्र हा दुसरा पर्याय आहे. त्याचे झाकण थरावर टेकवले की उताराची दिशा आणि कोन एकाच वेळी मिळतात, आणि डोक्यावर ओणवलेल्या कपारीखाली ते ब्रंटनपेक्षा सरस ठरते. परंतु दूरच्या खुणेवर नेम धरणे किंवा टेकडीची उंची काढणे ब्रंटनला अधिक चांगले जमते.

या यंत्राची मर्यादा कामाच्या स्वरूपातच आहे. पर्वत आज किती वेगाने हलत आहे हे ते सांगू शकत नाही; २५ एप्रिल २०१५ च्या नेपाळमधील भूकंपात काठमांडूची जमीन सुमारे एक मीटर उचलली गेली, हे उपग्रहांनी आणि जीपीएस केंद्रांनी दाखवले. त्याआधीच्या कोट्यवधी वर्षांत थर किती वेळा वळले आणि एकमेकांवर किती किलोमीटर सरकले, हे उलगडण्यासाठी मात्र स्ट्राइक-डिपच्या नोंदीच लागतात. केवळ सह्याद्रीत भटकंती करणाऱ्या हौशी व्यक्तीने हा खर्च करू नये, तिला साधे होकायंत्र पुरेसे आहे. हिमालय, अरवली किंवा धारवाडच्या जुन्या वलीयुक्त खडकांत एक हंगाम काम करायचे असेल, तर मात्र ते जरूर घ्यावे. मिळाल्यावर सपाट टेबलावर ठेवून दोन्ही पाणसळी तपासाव्यात, आणि प्रवासात झाकण बंद ठेवावे, म्हणजे सुई उचलून धरली जाते व तिचे टोक झिजत नाही.