वर्मचं वर्म : रबरी गांडूळ टिकवायचे आठ महिने

ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंत बहुतेक रविवार पाण्यावर गेले. कधी भिगवणजवळ उजनीच्या फुगवट्यावर, कधी शिरूरकडे एका ओळखीच्या शेततळ्यावर. आमिष एकच, पाच इंची सॉफ्ट प्लास्टिक वर्म. मीठ घातलेला, लुसलुशीत, काळपट हिरवा. आठांचं पाकीट साडेतीनशेला पडतं. पहिल्या रविवारी अख्खं पाकीट सकाळी साडेदहाला संपलं आणि मिळाली एक किलोभराची मरळ. मंडईतून आणली असती तर परवडली असती.

त्या दिवशी फाटलेले सगळे वर्म खिशात भरून घरी आणले आणि ओट्यावर ओळीने मांडले. मला वाटत होतं मरळीच्या दातांनी वाट लावली असेल. आठांपैकी दातांनी गेलेला एकच निघाला. दोनांच्या शेपट्या चिलापीने कुरतडल्या होत्या. बाकी पाचांची डोक्याची जागा चिरलेली, म्हणजे गळाचं नेढं जिथे रुतवतो तिथेच. टेक्सस रिगमध्ये, म्हणजे गळाचं टोक वर्मच्या आत लपवायच्या मांडणीत, ते टोक नाकातून घालून पाऊण सेंटिमीटरवर बाहेर काढायचं, गळ ओढून नेढं नाकात दडवायचं, मग टोक उलटं फिरवून पाठीत खुपसायचं. फेकताना सगळा झटका त्या पाऊण सेंटिमीटर रबरावर येतो. वीस-पंचवीस फेकींत भोक सैल होतं, वर्म दांडीवरून खाली सरकून चुरगळतो, टोक उघडं पडतं आणि जलपर्णीत अडकतं. जलपर्णीतून सोडवायला ओढलं की उरलेलं डोकंही जातं. वर्मचं वर्म ते हेच. पुढचे आठ महिने त्या एवढ्याशा जागेवर गेले.

आधी अर्थातच फेविक्विक. फाटलेली चीर पुसून, कोरडी करून, एक थेंब आणि अर्धा मिनिट दाबून धरणं. जोड बसतो, पण वाळलेला थर कडक होतो आणि आजूबाजूचं रबर ताणत राहतं. त्यामुळे पुढची चीर जोडाच्या कडेने जाते, ठिगळ लावलेल्या जुन्या धोतरासारखी. टेक्ससला म्हणून फेविक्विक मी सोडलं. जिग हेडला, म्हणजे शिशाचं डोकं असलेल्या गळाला, मात्र अजून वापरतो. शिशाच्या मानेवर थेंब टाकून वर्म वर चढवला की तो जागचा हलत नाही, कारण तिथे काही वाकायचं नसतं. एकदा बोट आणि वर्म एकत्र चिकटून अख्खी सकाळ गेली, पण तो दोष फेविक्विकचा नाही.

मग आच. हे वर्म पीव्हीसी आणि त्याला मऊ करणारं तेल यांचे बनलेले असतात, तापवले की वितळतात. जुन्या सुरीचं पातं गॅसवर तापवायचं, चिरेच्या दोन्ही कडांना टेकवायचं, दोन्ही कडा पाघळल्या की एकमेकींवर दाबून गार होऊ द्यायच्या. हा जोड फेविक्विकपेक्षा कितीतरी बरा, कारण मध्ये परकं काही नसतं. मीठ खच्चून भरलेल्या वर्मला मात्र तो माझ्या हातून कच्चाच राहिला. लायटरची ज्योत थेट लावू नका, काळं पडून धूर येतो आणि जळत्या पीव्हीसीचा धूर छातीत घ्यायचा नसतो. मी हे आधी स्वयंपाकघरात केलं. बायकोने सुरी आणि मी, दोघांनाही गॅलरीत काढलं. तेव्हापासून काम तिथेच चालतं.

पण ही सगळी मलमपट्टी झाली. फाटूच नये याचा उपाय पुण्याच्या तापकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या दुकानात मिळाला.

"श्रिंक ट्यूब द्या, तीन एमएमची."
"कसल्या वायरला?"
"गांडुळाला."
काकांनी चष्म्यावरून पाहिलं, पण मीटरभर कापून दिली.

तापवली की आवळणाऱ्या या ट्यूबचा सेंटिमीटरभर तुकडा टोकाकडून गळावर सरकवून नेढ्याच्या खाली दांडीवर आणायचा. आत तंगूसचा जाड, ताठ तुकडा घालायचा, असा की त्याचं दोन मिलिमीटर टोक तिरकं होऊन गळाच्या नेढ्याकडे बघत बाहेर राहील. मग लांबून थोडी आच द्यायची. ट्यूब आवळते आणि दांडीवर एक बारीकसा उलटा काटा तयार होतो. वर्म वर चढतो, खाली सरकताना अडतो. हे दोरी बांधायच्या आधी, घरी बसून करायचं. गळ लाल होईस्तोवर तापवू नका, पोलादाचं पाणी उतरतं आणि मग तो मोठ्या माशाला सरळ होतो.

नोव्हेंबरात या काट्यासोबत मी अजून एक पाचर मारायचो. खराट्याच्या काडीचा तुकडा वर्मच्या नाकातून आडवा, नेढ्यातून आरपार, दोन्हीकडे कापून सपाट. फुकटातला उपाय, भिजून मऊ पडली की दुसरी काडी. वर्म इतका पक्का बसला की एकावर पाच मासे झाले. मी खूश होतो.

जानेवारीत शेततळ्यावर लागोपाठ तीन मरळी निसटल्या. घेतात, दोरी ताणते, झटका देतो आणि सुटतात. तिसरीने वर्म परत केला तेव्हा नीट पाहिलं, गळाचं टोक अजून रबराच्या आतच होतं. मरळ सगळ्या गोळ्यावर तोंड आवळून धरते. झटका दिल्यावर वर्म सरकला नाही तर टोक बाहेर येऊन तिच्या हाडकट जबड्यात शिरणार कसं? मी वर्म वाचवत होतो आणि मासा घालवत होतो.

त्या दिवसापासून खराटा बंद केला. श्रिंक ट्यूबचा काटा ठेवला आणि टोक पाठीच्या पातळ कातडीत जेमतेम अडकवायला लागलो. फेकताना आणि गवतातून ओढताना काटा धरून ठेवतो, जोराचा झटका बसला की सोडतो. आता एक वर्म तीन-चार मासे देतो, कधी पाच. पाकीट तीन-चार रविवार पुरतं. पाचापेक्षा तीन कमी, हे मला कळतं, पण हे तीन हातात येतात.

मधोमध गळ घालायच्या वॅकी रिगला एवढा खटाटोप लागत नाही. बोहरी आळीतून वर्मच्या जाडीला बसेल अशी ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, आणा, मध्यावर चढवा आणि गळ रिंगखालून घाला. झालं.

ताणले तरी न फाटणारे टीपीईचे, म्हणजे रबरासारख्या ताणल्या जाणाऱ्या दुसऱ्या एका प्लास्टिकचे, वर्मही घेऊन पाहिले. एक फेब्रुवारीभर पुरला, हे कबूल. पण ते तरंगतात, खाली न्यायला वजन जास्त लावावं लागतं आणि मग पडताना वर्म डुलत नाही, नुसता दगडासारखा जातो. उथळ उजनीत मला ते पटलं नाही. वरून एप्रिलात घोटाळा झाला. टीपीई आणि नेहमीचे वर्म एकाच डबीत ठेवून डबी गाडीच्या डिकीत विसरलो. दोन जातींची एकमेकींशी पटत नाही, हे मला माहीत होतं, तरीही. रविवारी उघडली तर आत हिरवी काकवी, आणि डबीचा तळही पाघळलेला. तेव्हापासून प्रत्येक जात आपापल्या मूळ पिशवीत, सावलीत. पिशवीत वाकडा झालेला वर्म गरम पाण्यात मिनिटभर टाकून सरळ लटकवला आणि गार पाण्यात धरला की पुन्हा सरळ होतो.

कुंभारगावच्या काठावर एक म्हातारे कोळी माझा हा संसार बराच वेळ बघत होते. "आवं दादा, खरं गांडूळ घाला की. फुकट मिळतंय." मी म्हटलं, ते चिलापी काढून नेते. "मग हे न्हाई का नेत?" नेते, काका, शेपटीपासून.

फाटके तुकडे पाण्यात टाकू नका. ते कुजत नाहीत, मासे गिळतात. मी चिप्सच्या रिकाम्या पाकिटात भरून आणतो. मेअखेरीस ते वजनकाट्यावर ठेवलं, एकशे चाळीस ग्रॅम. आता पाऊस लागलाय, मरळी पिल्लांवर आहेत, ऑक्टोबरपर्यंत रॉड भिंतीला. पंधरा गळांवर ट्यूब चढवून तयार आहे.