महामार्ग 49 : सोन्याच्या वाटेवरचे चार दिवस

कॅलिफोर्नियातील राज्य महामार्ग 49 ओकहर्स्टपासून व्हिंटनपर्यंत सुमारे 475 किलोमीटर जातो आणि 1849 साली सोन्यासाठी लोटलेल्या माणसांची आठवण त्याच्या क्रमांकातच जपलेली आहे. आम्ही तो दक्षिणेकडून उत्तरेकडे चार दिवसांत पार केला. याहून कमी दिवस हाताशी असतील तर अर्धाच मार्ग घ्यावा, पण तो सावकाश पाहावा.

सर्वाधिक समाधान कोलोमाच्या ऐतिहासिक उद्यानाने दिले. 24 जानेवारी 1848 रोजी सुतार जेम्स मार्शल यांना जॉन सटर या जमीनदाराच्या लाकूडगिरणीच्या पाटात सोन्याचे कण दिसले, ती जागा अमेरिकन नदीच्या दक्षिण शाखेकाठी आहे. येथे गाळातून सोने वेगळे करण्याची रीत शिकवतात. खडे काढण्यासाठी तांदूळ रोळावेत तशी परात पाण्यात हलक्या हाताने फिरवायची असते; आधी गोटे जातात, मग वाळू जाते, तळाशी काळी जड रेती उरते आणि तिच्या कडेला टाचणीच्या डोक्याहूनही लहान असा पिवळा ठिपका चमकतो. तेवढ्यासाठी माझी पाठ भरून आली, तेव्हा दिवसभर थंडगार पाण्यात उभ्या राहणाऱ्यांचे कष्ट खऱ्या अर्थाने उमगले. मार्शल स्वतः 1885 मध्ये विपन्नावस्थेत वारले. टेकडीवरील त्यांचा पुतळा आजही त्या जागेकडे बोट दाखवत उभा आहे, आणि तो पाहताना मन हेलावते.

याच वाटेवरच्या कोलंबिया गावातील जुन्या मुख्य रस्त्यावर मोटारींना मज्जाव असल्याने मुलांसह निर्धास्त फिरता येते. ग्रास व्हॅलीच्या एम्पायर खाणीतून 1850 ते 1956 या काळात सुमारे 58 लाख औंस सोने निघाले. तिच्या उतरत्या विवराच्या तोंडाशी उभे राहून खालचा अंधार अवश्य पाहावा.

तक्रार एकच आहे, आणि ती मार्गाविषयी नाही. भाड्याने घेतलेल्या मोटारीचे ब्रेक मारिपोसाच्या पुढे, मर्सेड नदीच्या खोऱ्यात उतरणाऱ्या नागमोडी घाटात कुरकुरू लागले, आणि त्या टप्प्यात आम्हाला ना गॅरेज आढळले ना फोनला रेंज मिळाली. मोटार ताब्यात घेतानाच ब्रेक आणि टायर तपासून घ्यावेत, पेट्रोलची टाकी मारिपोसातच भरावी, आणि उत्तरेकडील युबा खिंडीत हिवाळ्यात बर्फ साचत असल्याने प्रवास उन्हाळ्यात किंवा शरदाच्या आरंभी आखावा.