डब्याचा आकडा ४.८

अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. तासन् तास वीज गेली की फ्रिज म्हणजे नुसतं कपाट. माझी आई प्रीमिक्स इन्सुलिन (लवकर आणि हळू काम करणारं एकत्र मिसळलेलं) घेते. न उघडलेल्या बाटल्या २ ते ८ अंशांत लागतात. चालू बाटली बाहेर ठेवली तरी चालते, पण साधारण ३० अंशांच्या आत, आणि आमच्याकडे तेवढी थंड खोलीच नाही. म्हणून गेल्या उन्हाळ्यात ऑनलाइन एक ‘औषधांचा कूलर डबा’ मागवला, १,८९९ रुपयांना. आत जेल पॅक, झाकणावर तापमान, सोबत कॅलिब्रेशन सर्टिफिकेट, म्हणजे तापमान बरोबर दाखवतं याचा तपासणी-दाखला.

आकडा कायम ४.८. दुपारी चार तास वीज नसतानाही ४.८. मी खूश! शेजारच्या काकूंनाही घ्यायला लावला, आता सांगायला लाज वाटते.

तीन आठवड्यांनी आईची उपाशीपोटीची साखर १४० वरून २६० वर गेली. डॉक्टरांना आधी आंब्यांचा संशय आला (आईनं दोन फोडी कबूलही केल्या). मग त्यांनी बाटली मागवली. हातात कितीही घोळवली तरी ती दुधासारखी एकसारखी होईना, काचेला कण चिकटलेले. म्हणाले, “हे दिसलं तरी. कधीकधी उष्णतेनं वाया गेलेलं इन्सुलिन अगदी नीट दिसतं.”

घरी येऊन ग्लासात बर्फाचा चुरा ठासून भरला, जेमतेम बुडेल इतकं पाणी ओतलं आणि डब्यातली सेन्सरची वायर त्यात सोडली. दहा मिनिटांत आकडा ० च्या जवळ यायला हवा. ४.८. वायर मुठीत धरली. ४.८. झाकणाचे स्क्रू काढले, तर वायरचं आतलं टोक नुसतं गोंदानं प्लास्टिकला डकवलेलं!

सर्टिफिकेट तेव्हा कुठे नीट वाचलं. ना यंत्राचा नंबर, ना तपासणीची तारीख, ना प्रयोगशाळेचं नाव. विक्रेता म्हणाला, परत करायची दहा दिवसांची मुदत संपली. नंतर फोनच उचलेना. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केलीय, पैसे अजून आलेले नाहीत.

तुमच्याकडे असा डबा असेल तर आजच झाकण उघडं ठेवून आकडा हलतो का बघा.

मी आता किमान-कमाल दाखवणारा साधा थर्मामीटर आणलाय. फ्रिजमध्ये फ्रीझरला लागून ठेवला, तर पहिल्याच रात्री किमान उणे २. जादाच्या बाटल्या मी तिथंच ठेवत होतो. गोठलेलं इन्सुलिनही वापरता येत नाही. त्या दोन बाटल्याही टाकल्या.