बँकॉकची केशरी झेंड्याची बोट: १६ बाटांच्या तिकिटावर पहिला दिवस

माझी आई एसटीत कंडक्टर आहे. त्यामुळे नव्या गावात उतरलं की माझं लक्ष आधी तिथल्या गाड्यांकडं जातं. तिकीट कोण फाडतं, सुट्टे कसे देतात, माणसं कुठून चढतात आणि कुठून उतरतात. डिसेंबरात पहिल्यांदा देशाबाहेर गेले, बँकॉकला, तेही एकटी. वय चोवीस. आमच्या घरातला पहिला पासपोर्ट माझा. चार दिवसांत तिथल्या मेट्रोत, बसमध्ये, टुकटुकमध्ये (म्हणजे तिथली रिक्षा) सगळ्यांत बसले, पण लिहायचंय ते चाओ फ्राया नदीवरच्या केशरी झेंड्याच्या बोटीबद्दल. पहिला अख्खा दिवस मी तिच्या जिवावर काढला, आणि बँकॉकला पहिल्यांदा जाणाऱ्या प्रत्येकानं तो तसाच काढावा असं मला मनापासून वाटतं.

विमान पहाटे सुवर्णभूमीला उतरलं. विमानतळाचं नाव खरोखर हेच आहे. थाई लोक लिहितात सुवर्णभूमि आणि म्हणतात सुवन्नफूम. तिथून रेल्वेनं फया थाई स्टेशनपर्यंत ४५ बाट लागले. एक बाट म्हणजे तेव्हा अडीच-पावणेतीन रुपये. पुढं बीटीएस, म्हणजे खांबांवरून धावणारी गाडी, सयामला बदलायची आणि सफान ताक्सिनला उतरायचं. हॉस्टेल तिथंच जवळ होतं. खोली दुपारी दोनशिवाय मिळणार नव्हती, म्हणून सॅक ठेवली, तोंड धुतलं आणि निघाले. स्टेशनचा जिना उतरला की समोर नदीच. हा साथोनचा धक्का.

धक्क्यावर पहिल्यांदा गोंधळायला होतं, कारण तिथून बऱ्याच प्रकारच्या बोटी सुटतात. हॉटेलांच्या, मॉलच्या, पर्यटकांच्या. तिकिटं विकणारे आपला चेहरा बघूनच निळ्या झेंड्याच्या बोटीकडं बोट दाखवतात. ती पर्यटकांची, जरा ऐसपैस, पैसेही जास्त. वाईट नाही, पण ती पकडू नका. बोटीच्या मागं लावलेला झेंडा बघायचा आणि केशरीची रांग धरायची. दिवसभर येत राहते, कुठंही उतरा, दर एकच: मी गेले तेव्हा १६ बाट. पिवळे आणि हिरवे-पिवळे झेंडेही दिसतात, त्या गर्दीच्या वेळेच्या बोटी. आपल्या जलद गाडीसारख्या मधले धक्के गाळतात, त्यामुळे नवख्यानं त्यांच्या वाटेला जाऊ नये. रांगेत माझ्या पुढं शाळेच्या गणवेशातल्या दोन मुली, भाजीची पिशवी घेतलेल्या एक आजी आणि भगव्या चिवरातले एक भिक्खू होते. मी बरोबर रांगेत आहे एवढं त्यावरून कळलं.

बोट लांबट आहे, दोन्ही बाजूंनी उघडी, मध्ये बाकांच्या ओळी. सुटली तशी कंडक्टर बाई आल्या. पन्नाशीच्या, निळसर शर्ट, केस घट्ट बांधलेले. हातात चामड्याची पिशवी नाही, मशीन नाही, तर हातभर लांबीची पत्र्याची गोल नळी. नळीला उभं झाकण, बिजागरीवर उघडणारं. आत एका बाजूला तिकिटांच्या बारक्या गुंडाळ्या, दुसऱ्या बाजूला नाणी. बाई चालताना अंगठ्यानं झाकण उघडझाप करत होत्या, टक् टक् टक् टक्, की ज्याचं तिकीट राहिलंय त्यानं आपोआप हात खिशात घालावा. माझ्या अंगावर काटाच आला. आईच्या हातात मशीन यायच्या आधी ती पंच तिकिटांच्या पेटीवर असाच वाजवायची. लहानपणी रविवारी मी तिच्याबरोबर फेरीला जायचे, आणि त्या आवाजानं पेंगुळलेली माणसं डोळे उघडायची.

मुठीत नाणी तयार होती, एक १० चं, एक ५ चं, एक १ चं. बरोबर १६. बाईंनी ती न बघता, नुसती अंगठ्याखालून सरकवून मोजली, नळीत टाकली, गुंडाळीचं टोक ओढलं आणि झाकणाच्या कडेवर तिकीट कापलं. दोन बोटं रुंद, टिश्यूसारखा पातळ कागद. मी हसले, त्याही हसल्या. मग पाठ वळवून त्या मोठ्यानं ओरडल्या, "छित नाय खा!" दारातली माणसं आत सरकली. हॉस्टेलवर संध्याकाळी विचारलं तेव्हा अर्थ कळला: आत सरका. आई दिवसातून शंभर वेळा हेच म्हणते.

डबल बेलही आहे, फक्त ती शिट्टी आहे. बोट चालवणारा पुढं बसतो, त्याला मागची बाजू दिसत नाही. मागच्या टोकाला एक पोरगा दोर घेऊन उभा असतो आणि तोंडातल्या शिट्टीनं त्याला सांगत राहतो. लांब, तुटक, दोनदा, तीनदा. धक्का जवळ आला की इंजिन उलटं फिरतं, पाणी खवळतं, पोरगा उडी मारून खुंट्याला दोराचा वेढा घालतो, माणसं उतरतात, माणसं चढतात, शिट्टी, दोर सुटला, निघाली. अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही.

आणि त्या अर्ध्या मिनिटातच माझा धक्का हुकला. मला था तिएन, म्हणजे आठ नंबरला उतरायचं होतं, वाट फोसाठी. (वाट म्हणजे विहार. 'वाट अरुण', 'वाट फो' या पाट्या वाचताना मराठी माणसाला कुणीतरी रस्ता दाखवतंय असंच वाटतं.) मी पार पुढं बसले होते, पाण्यावरून वाहत येणारे जलपर्णीचे हिरवे गठ्ठे बघत. आमच्या कृष्णेत आणि पंचगंगेत दिसते तीच जांभळ्या फुलांची जलपर्णी. उठून मागं पोचेपर्यंत शिट्टी झाली होती. चूक माझीच. सगळे चढतात-उतरतात मागून, तेव्हा एक धक्का आधीच उठून मागं जाऊन उभं राहायचं. फक्त मागं भिक्खूंसाठी राखलेली जागा असते, बायकांनी तिथं अंग चोरून, थोडं अंतर ठेवून उभं राहावं.

नऊ नंबरला उतरले, था चांग, म्हणजे हत्तींचा घाट. राजवाड्याचे हत्ती इथं अंघोळीला आणत. बाहेर पडले तर राजवाड्याची पांढरी भिंत. भिंतीकडेनं चालताना इस्त्रीचा शर्ट घातलेला एक माणूस फार आपुलकीनं जवळ आला. राजवाडा आज दुपारपर्यंत बंद आहे, पूजा आहे, तोवर २० बाटांत टुकटुकनं दुसरी देवळं दाखवतो. बोलणं इतकं गोड होतं की माझा पाय टुकटुककडं वळलाही होता. तेवढ्यात भिंतीच्या कोपऱ्यावरून माणसांची रांगच्या रांग आत जाताना दिसली. असली टुकटुक पुढं जवाहिऱ्याच्या आणि शिंप्याच्या दुकानात नेऊन बसवते. बंद आहे असं रस्त्यावर कुणी सांगितलं तर दारापर्यंत चालत जाऊन स्वतः बघा, एवढंच. मला राग आला, कारण त्यानं माझ्या नवखेपणाचाच हिशेब केला होता. बोटीवरच्या बाईंनाही मी नवखी आहे हे दिसलंच होतं, आणि त्यांनी माझ्याकडून सगळ्यांइतकेच १६ घेतले होते.

राजवाड्याचं तिकीट ५०० बाट. तो दुसऱ्या दिवसावर ठेवला आणि वाट फोकडं चालत निघाले. दहा-पंधरा मिनिटांचा रस्ता, नाव थनोन महारात. थाईत लिहितात महाराज, वाचतात महारात. साताऱ्याच्या माणसाला महाराज रस्त्यावरून चालायला आणखी काय हवं!

वाट फोचं पूर्ण नाव जेतवनावरून आहे. तिथं ४६ मीटर लांब, १५ मीटर उंच पहुडलेला बुद्ध आहे. फोटोत मी तो कितीदा बघितला होता, पण आत गेल्यावर तो एका नजरेत मावतच नाही. खांबांच्या मधून एकदा खांदा दिसतो, एकदा कोपर, आणि चालत चालत आपण पावलांपाशी येतो. तळव्यांवर शिंपल्याच्या जडावकामात १०८ मंगल चिन्हं. पाठीमागच्या बाजूला भिंतीकडेनं १०८ काशाची भांडी ओळीनं मांडलेली आहेत. २० बाट देऊन बारक्या नाण्यांची वाटी घ्यायची आणि एकेक नाणं एकेका भांड्यात टाकत जायचं. शेकडो माणसं टाकत असतात, आणि बुद्धाच्या पाठीमागं सतत किणकिण चाललेली असते. मी भिंतीला टेकून ती बराच वेळ ऐकत होते. आई घरी आल्यावर हिशेबाची चिल्लर चादरीवर ओतायची, अगदी तोच आवाज. प्रवेशाला ३०० बाट पडले, वर पाण्याची बाटली मिळते. उन्हात तिची फार गरज पडली.

था तिएनच्या गल्लीत नारळाच्या दुधातला चिकट भात आणि आंबा खाल्ला. डिसेंबरात आंबा, तोही गोड! मी शाकाहारी आहे. माझ्यासारख्यांनी पिवळ्या पाटीवरचा लाल 'जे' (เจ) हा थाई शब्द ओळखून ठेवावा. तिथं मांस-मासा तर नाहीच, कांदा-लसूणसुद्धा नसतो.

समोरच्या काठावर वाट अरुण. तिथं जायला तर, म्हणजे छोटी होडी आहे, ५ बाटांची, सरळ या काठावरून त्या काठावर. तरीत उभी राहून सुट्टे शोधताना हातात १० चं नाणं आलं, आणि सहज निरखून बघितलं तर त्यावर तोच मनोरा, जो समोर पाण्यापलीकडं मोठा मोठा होत येत होता. मग बाकीची नाणी काढली. १ च्या नाण्यावर राजवाड्यातलं वाट फ्रा केव, ५ च्या नाण्यावर संगमरवरी देऊळ. म्हणजे सकाळी कंडक्टर बाईंच्या हातावर मी तीन देवळं ठेवली होती! नव्या राजाच्या नाण्यांवर राजचिन्ह असतं, पण जुनी नाणी अजून पुष्कळ फिरतात, नीट बघा.

वाट अरुण लांबून करडा दिसतो. जवळ गेलं की कळतं, तो सगळा चिनी मातीच्या तुकड्यांनी मढवलाय. हिरवी, निळी, गुलाबी बशीची कड, वाटीचा काठ, त्यांची फुलं केलेली. पायऱ्या इतक्या उभ्या की उतरताना मी कठडा सोडला नाही. थाई पोरी भरजरी पोशाख भाड्यानं घेऊन फोटो काढत होत्या. त्यातल्या एकीनं न मागता माझाही काढून दिला.

परतीच्या वाटेवर पाक ख्लोंग तलातला उतरले, फुलांच्या बाजारासाठी. यावर जास्त लिहीत नाही, फक्त झेंडूबद्दल सांगते. पोत्यांनी झेंडू, नुसता पिवळाधमक, बायका खाली बसून मोगऱ्याच्या कळ्यांबरोबर ओवत होत्या. नदीवरच्या लांब शेपटीच्या बोटींच्या नाकाडावर रंगीत कापडं आणि फुलांच्या माळा बांधलेल्या दिसतात, त्या अशाच बाजारातल्या. खंडेनवमीला आगारात एसटीला हार घालतात तेव्हा आई सकाळी सहाला झेंडूची पिशवी घेऊन निघते. मी २० बाटांची एक माळ घेतली आणि उरलेला दिवस मनगटावर ठेवली.

संध्याकाळी साथोनकडं परतताना बोट खच्चून भरली. ऑफिसं सुटली होती. या बोटीच्या उण्या बाजू सांगायच्या तर अशा वेळी बसायला जागा मिळत नाही, कडेला उभं राहिलं तर पाण्याचे शिंतोडे उडतात, आणि रात्री ती मिळतच नाही, शेवटच्या बोटीची वेळ सकाळीच धक्क्यावर बघून ठेवावी लागते. मोठी बॅग असेल, किंवा गुडघे दुखणारं माणूस सोबत असेल, तर निळी बोट घ्या. बोट आणि धक्का यांच्यामधलं अंतर पाण्याबरोबर हलत असतं, आणि पाऊल टाकायला कुणी थांबत नाही. पण तरुण माणूस पाठीवर पिशवी टाकून निघाला असेल तर माझ्या हिशेबानं पाचपैकी पाच. दिवसभरात तीन वेळा बसले, ४८ बाट. तरीचे जाऊन-येऊन १० धरले तरी ६० च्या आत.

रात्री हॉस्टेलच्या जिन्यात बसून आईला व्हिडिओ कॉल लावला. तिची ड्युटी नुकतीच सुटली होती. पहुडलेल्या बुद्धाचे फोटो तिनं भराभर बघितले, छान आहे म्हणाली. मग मी तिकीट कॅमेऱ्यासमोर धरलं.

"थांब, जवळ धर," आई म्हणाली. चष्मा चढवला. "नंबर छापलाय की. गुंडाळीच असते का? आणि फाडतात कशानं?"

मी नळीचं झाकण, कड, टक् टक् सगळं सांगितलं.

"आणि दर एकच? कुठंही उतरलं तरी?"

"कुठंही, १६ बाट."

आई गप्प झाली. आमच्याकडं सहा किलोमीटरला एक टप्पा, टप्प्याटप्प्यानं भाडं वाढतं, तो हिशेब तिच्या डोक्यात चालू झालेला मला दिसत होता.

"मग शेवटच्या धक्क्यापर्यंत जाणारे तर फायद्यात गं," ती म्हणाली. "शेवटचा कुठला?"

"नोन्थाबुरी. तीस नंबर."

"मग उद्या तिथवर जाऊन ये. आणि त्या बाई भेटल्या तर विचार, चिल्लर एवढी जड होते, तर खांदा दुखत नाही का म्हणावं."