कोबाल्ट की लिनॅक? सुरक्षेच्या बाजूने पाहताना

कर्करोगाच्या रेडिएशनसाठी मुख्यतः दोन यंत्रं वापरात आहेत: किरणोत्सर्गी कोबाल्ट-६० चा तुकडा (स्रोत) असलेलं कोबाल्ट यंत्र आणि विजेवर किरण तयार करणारं लिनॅक (लिनियर अ‍ॅक्सिलरेटर). खरा फरक दिसतो तो यंत्र बंद केल्यावर. लिनॅकची वीज गेली की किरण थांबतात. कोबाल्टचा स्रोत मात्र रात्रंदिवस किरण फेकतच असतो. आपण फक्त त्याला शिशाच्या कवचात परत ढकलतो. तो वाटेत अडकला तर रुग्णाला तातडीने बाहेर काढून दार बंद करायचं आणि स्रोत, त्याला हात न लावता, हातानं चालवायच्या यंत्रणेनं आत सरकवायचा. हा सराव कर्मचाऱ्यांच्या अंगवळणी पडलेला हवा, नुसता भिंतीवरचा तक्ता काय कामाचा!

कोबाल्टचा अर्धायुकाळ ५.२७ वर्षं. म्हणजे तेवढ्या काळात स्रोताची ताकद अर्धी उरते, आणि मग तोच डोस द्यायला दुप्पट वेळ. जुन्या स्रोताची विल्हेवाट तर वेगळंच प्रकरण. २०१० मध्ये दिल्ली विद्यापीठाचं जुनं कोबाल्ट संशोधन-उपकरण भंगारात गेलं, दिल्लीतल्या मायापुरीच्या भंगार बाजारात एकाचा जीव गेला. लिनॅकबाबत असली भीती नाही.

पण लिनॅक निर्धोक म्हणणं भाबडेपणा. १९८५ ते ८७ दरम्यान थेरॅक-२५ या लिनॅकच्या सॉफ्टवेअरमधल्या चुकांमुळे रुग्णांना अतिडोस मिळाला, काही दगावले. शिवाय लिनॅकला स्थिर वीज, थंडावा आणि जाणकार भौतिकतज्ज्ञ लागतात.

हे सगळं असेल तर मी लिनॅकच घेईन. वीज बेभरवशाची असलेल्या गावी भाभा अणुसंशोधन केंद्राचं कोबाल्ट यंत्र भाभाट्रॉन बरं, मात्र स्रोत परत पाठवण्याचा करार खरेदीच्या दिवशीच हातात हवा. परवाना दोन्हींना अणुऊर्जा नियामक मंडळाचाच.